इंग्लिश फुटबॉलच्या खालच्या विभागांतील मध्यरक्षक

विषयाची व्याप्ती

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल म्हटले की प्रीमियर लीगचे २० क्लब डोळ्यांपुढे येतात. मात्र पूर्ण वेळ फुटबॉल खेळून पोट भरणारे बहुसंख्य खेळाडू या २० क्लबांच्या बाहेर असतात. प्रीमियर लीगखाली इंग्लिश फुटबॉल लीगचे (ईएफएल) ७२ क्लब चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन विभागांत खेळतात. त्यांतील शेवटचे दोन विभाग आणि त्यांच्याखालची नॅशनल लीग यांना सर्वसाधारणपणे ‘खालचे विभाग’ म्हणतात. बचावफळी आणि आघाडीफळी यांच्यामधली जागा सांभाळणारा तो मध्यरक्षक. खालच्या विभागांतील मध्यरक्षकाची कारकीर्द तीन गोष्टींवर उभी असते : क्लब ज्या विभागात आहे तो विभाग, कराराची मुदत आणि शरीराची साथ. खेळाडूचे कौशल्य या तिन्हींच्या चौकटीतच दिसते, त्यामुळे नुसत्या कौशल्यावरून अशी कारकीर्द समजत नाही.

विभागांची उतरंड

१८८८ मध्ये १२ क्लबांनी फुटबॉल लीग स्थापन केली. ॲस्टन व्हिलाचे विल्यम मॅकग्रेगर तिचे प्रवर्तक होते. १९२० मध्ये तिसरा विभाग आला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. १९५८ मध्ये या दोन भागांची फेरजुळणी होऊन राष्ट्रीय पातळीवरचे तिसरा व चौथा असे विभाग तयार झाले. १९९२ मध्ये सर्वांत वरचे क्लब वेगळे होऊन प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा उरलेल्या विभागांचे क्रमांक एकेकाने बदलले. २००४ मध्ये लीग वन आणि लीग टू ही नावे रूढ झाली. त्यामुळे १९९२ पूर्वीचा चौथा विभाग, १९९२ ते २००४ या काळातील तिसरा विभाग आणि आजची लीग टू ही एकाच पायरीची तीन नावे आहेत. जुन्या खेळाडूंच्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

बढती आणि घसरण

लीग टूमधून दर हंगामात चार क्लब वर जातात : पहिले तीन थेट आणि चौथा प्लेऑफ या बाद सामन्यांमधून. लीग वनमधून तीन क्लब वर जातात, तर चार खाली येतात. लीग टूचे तळाचे दोन क्लब नॅशनल लीगमध्ये घसरतात. १९८७ पूर्वी हा शेवटचा दरवाजा जवळपास बंद असे. तळाच्या क्लबांना पुन्हा सदस्यत्वासाठी अर्ज करावा लागे आणि इतर क्लब मतदानाने निर्णय घेत. त्या वर्षी थेट अदलाबदल सुरू झाली. स्कारबरो वर आला आणि लिंकन सिटी खाली गेला. खेळाडूच्या दृष्टीने बढती वा घसरण ही केवळ क्लबाची गोष्ट नसते. अनेक करारांत घसरण झाल्यास पगार कमी होण्याचे आणि बढती मिळाल्यास वाढण्याचे कलम असते. एकाच मध्यरक्षकाचे बाजारमूल्य त्याच्या खेळात काही बदल न होताही एका मे महिन्यात वर किंवा खाली जाऊ शकते.

मध्यफळीचे काम

मध्यरक्षक एका सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. या धावण्याचे स्वरूप भूमिकेप्रमाणे बदलते. बचावफळीपुढे उभा राहणारा मध्यरक्षक प्रतिस्पर्ध्याच्या चाली मोडतो. दोन्ही गोलक्षेत्रांदरम्यान धावणारा मध्यरक्षक बचाव आणि आक्रमण दोन्हींत भाग घेतो. कडेचा मध्यरक्षक क्रॉस पुरवतो. खालच्या विभागांत लांब पासवर भर देणारे संघ अधिक आढळतात. हिवाळ्यात मैदाने जड झाली की चेंडू जमिनीवरून फिरवणे अवघड होते, त्यामुळे तो हवेतून पुढे पाठवला जातो. मग बचावपटू व आघाडीपटू यांच्या झुंजीतून सुटलेला चेंडू कोण पटकावतो याला महत्त्व येते. या ‘सेकंड बॉल’चा अंदाज बांधणे हे या पातळीवरचे खास कौशल्य आहे. कॉर्नर आणि फ्री किक अचूक घेणाऱ्या मध्यरक्षकालाही येथे विशेष मागणी असते, कारण उघड्या खेळात संधी कमी निर्माण होतात आणि स्थिर चेंडूवरचे गोल निर्णायक ठरतात.

अकादमीतील वर्षे

क्लबांच्या अकादमींत मुले नऊ वर्षांखालील गटापासून नोंदली जातात. १६व्या वर्षी क्लब निवडक मुलांना दोन वर्षांची शिष्यवृत्ती देतो. या काळात सराव आणि शिक्षण एकत्र चालते. लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी २००४ मध्ये स्थापन केलेली लीग फुटबॉल एज्युकेशन ही संस्था शिक्षणाची बाजू पाहते. व्यावसायिक करार १७व्या वर्षापासून करता येतो, पण प्रत्यक्ष निर्णय बहुधा १८व्या वर्षी होतो आणि बहुतेकांना नकार मिळतो. २०१२ पासून लागू झालेल्या एलिट प्लेयर परफॉर्मन्स प्लॅनने अकादमींची चार श्रेणींत विभागणी केली. याच योजनेत मुलगा मोठ्या क्लबाने नेल्यास द्यायची भरपाई ठरावीक सूत्रात बांधली गेली. लहान क्लबांच्या मते ही रक्कम तुटपुंजी ठरली. वायकम वॉन्डरर्सने २०१२ मध्ये, तर ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये आपली अकादमी बंद केली. ब्रेंटफर्डने ती पुढे पुन्हा सुरू केली.

नाकारलेल्यांची दुसरी संधी

मोठ्या क्लबाने सोडलेला तरुण खालच्या विभागात नव्याने सुरुवात करतो, ही या क्षेत्रातील नेहमीची वाट आहे. चेशर परगण्यातील क्रू अलेक्झांड्रा हा क्लब याचे ठळक उदाहरण. मँचेस्टर युनायटेडने सोडलेला डेव्हिड प्लॅट १९८५ मध्ये क्रूकडे आला. क्लब तेव्हा चौथ्या विभागात होता. १९८८ मध्ये ॲस्टन व्हिलाने त्याला २ लाख पौंडांना घेतले. १९९० च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध जादा वेळेच्या अगदी अखेरीस त्याने केलेल्या गोलने इंग्लंड उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि पुढच्या वर्षी तो इटलीतील बारी क्लबात गेला. युनायटेडनेच सोडलेला रॉबी सॅव्हेज आणि मँचेस्टर सिटीतून आलेला नील लेनन हेही क्रूमध्ये घडून लेस्टर सिटीत गेले. डॅनी मर्फी क्रूच्याच अकादमीतून १९९७ मध्ये लिव्हरपूलला पोहोचला. हे चारही मध्यरक्षक होते. लहान क्लबात तरुणाला लवकर आणि नियमित सामने मिळतात, आणि चेंडूला सतत स्पर्श करावा लागणाऱ्या मध्यरक्षकाला त्याचा सर्वाधिक फायदा होतो. एप्रिल २०१३ मध्ये क्रूने वॉल्सॉलविरुद्ध सुरुवातीचे अकराही खेळाडू स्वतःच्या अकादमीतले उतरवले आणि सामना जिंकला.

लोनवरचे खेळाडू

लोन म्हणजे मूळ क्लबाचा करार कायम ठेवून दुसऱ्या क्लबाकडून ठरावीक काळ खेळणे. मोठ्या क्लबांचे तरुण खालच्या विभागांत असे अनुभवासाठी येतात. १९९५ मध्ये डेव्हिड बेकहॅम मँचेस्टर युनायटेडमधून चौथ्या पायरीवरील प्रेस्टन नॉर्थ एंडमध्ये आला. त्याने पाच सामन्यांत दोन गोल केले, त्यांपैकी एक थेट कॉर्नरवरून. त्याच वर्षी फ्रँक लॅम्पार्ड वेस्ट हॅमकडून स्वान्सी सिटीत आला. याचा उलटा प्रकारही असतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये टॉटनहॅमने एमके डॉन्सचा मध्यरक्षक डेली अली विकत घेतला, पण हंगाम संपेपर्यंत त्याला लोनवर तिथेच ठेवले आणि तो हंगाम एमके डॉन्सच्या बढतीने संपला. खालच्या क्लबाला अशा व्यवहारातून परवडणाऱ्या खर्चात चांगला खेळाडू मिळतो. त्याची किंमत क्लबातील कायम खेळाडू मोजतो, कारण त्याची जागा काही महिन्यांसाठी पाहुण्याकडे जाते.

हंगामाचे ओझे

लीगच्या तिन्ही विभागांत प्रत्येकी २४ क्लब असल्याने प्रत्येक संघ ऑगस्ट ते मे या काळात ४६ साखळी सामने खेळतो. प्रीमियर लीगमध्ये ही संख्या ३८ आहे. याशिवाय एफए कप, लीग कप आणि ईएफएल ट्रॉफी असते. एफए कपमध्ये लीग वन व लीग टूचे क्लब पहिल्या फेरीपासून उतरतात, तर वरचे दोन विभाग तिसऱ्या फेरीत येतात. शनिवारच्या सामन्यानंतर मंगळवारी रात्री पुन्हा सामना, हा क्रम हिवाळ्यात वारंवार येतो. प्रवासही लांबचा असतो. नैर्ऋत्येचे प्लिमथ आणि स्कॉटलंडच्या सीमेजवळचे कार्लाइल यांच्यातले रस्त्याचे अंतर ६०० किलोमीटरहून अधिक आहे आणि दोन्ही क्लब एकाच विभागात खेळलेले आहेत. चेंडू हिसकावणाऱ्या मध्यरक्षकाला पिवळ्या कार्डांचा हिशेबही ठेवावा लागतो. पहिल्या १९ साखळी सामन्यांत पाच कार्डे झाली की एका सामन्याची बंदी येते आणि ३७ सामन्यांपर्यंत दहा झाली की दोन सामन्यांची. म्हणून संघ निवडताना ‘उपलब्ध असणे’ हाही एक गुण मानला जातो.

करार : बंधनातून मुक्ततेकडे

व्यावसायिक फुटबॉलला इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये मान्यता मिळाली, पण खेळाडूचे स्वातंत्र्य फार उशिरा आले. १९०१ पासून पगारावर कमाल मर्यादा होती. १९०७ मध्ये मँचेस्टरमध्ये स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघटनेने तिच्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. फुलहॅमचा खेळाडू जिमी हिल अध्यक्ष असताना संपाचा इशारा देण्यात आला आणि जानेवारी १९६१ मध्ये आठवड्याला २० पौंडांची ही मर्यादा रद्द झाली. दुसरे बंधन होते खेळाडूला अडवून ठेवण्याचे. करार संपला तरी जुना क्लब त्याची नोंदणी स्वतःकडे ठेवू शके, त्यामुळे त्याला ना पगार मिळे ना नवा क्लब. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने याविरुद्ध दाद मागितली. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध असल्याचे ठरवले. १५ डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालाद्वारे युरोपीय न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. त्यानंतर करार संपलेला खेळाडू मूळ क्लबाला मोबदला न देता जाऊ लागला. इंग्लंडमध्ये २४ वर्षांखालील खेळाडूंसाठी मात्र भरपाईची तरतूद राहिली, अट इतकीच की जुन्या क्लबाने त्याला योग्य करार देऊ केलेला असावा.

मे महिन्याची यादी

मुक्ततेला दुसरी बाजू आहे. जसा खेळाडू करारानंतर मोकळा, तसा क्लबही मोकळा. खालच्या विभागांत एक किंवा दोन वर्षांचे करार सर्रास असतात आणि ते ३० जूनला संपतात. हंगाम संपताच मे महिन्यात प्रत्येक क्लब कोणाला ठेवले, कोणाला नवा प्रस्ताव दिला आणि कोणाला सोडले याची यादी जाहीर करतो. एका क्लबाच्या यादीत निम्मा संघ सोडलेला असणे नवलाचे नाही. सोडलेल्या मध्यरक्षकाला जून-जुलैत नवा क्लब शोधावा लागतो. काही जण हंगामपूर्व सरावात चाचणीसाठी येतात आणि सराव सामन्यांतील खेळावर करार मिळवतात. २००२-०३ पासून हस्तांतरणासाठी उन्हाळा आणि जानेवारी असे दोनच कालखंड ठरले, पण मोकळ्या खेळाडूला त्यांच्याबाहेरही करार करता येतो. ठरावीक सामने खेळल्यास करार आपोआप एका वर्षाने वाढेल, असे कलमही असते. अशा वेळी बाकावर बसणे म्हणजे पुढच्या वर्षाच्या उत्पन्नावर पाणी सोडणे ठरू शकते.

पगार आणि क्लबाची ऐपत

खालच्या विभागांचे उत्पन्न मुख्यतः तिकिटे, स्थानिक प्रायोजक, लीगकडून येणारा वाटा, खेळाडूंची विक्री आणि मालकाचा खिसा यांतून येते. खर्चाचा मोठा भाग पगारांत जातो, म्हणून उलाढालीच्या प्रमाणात पगारखर्च रोखणारे नियम आहेत. करोनाकाळात, ऑगस्ट २०२० मध्ये, लीग वनसाठी वर्षाला २५ लाख आणि लीग टूसाठी १५ लाख पौंड अशी सरसकट मर्यादा मंजूर झाली. खेळाडूंच्या संघटनेने त्याला लवादापुढे आव्हान दिले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती मागे घ्यावी लागली. ऐपतीबाहेर खर्च केल्यास काय होते ते बरी या क्लबाने दाखवले. १८८५ मध्ये स्थापन झालेला आणि १९०० व १९०३ मध्ये एफए कप जिंकलेला हा क्लब २०१९ मध्ये लीग टूमधून वर आला, पण आर्थिक स्थिती सिद्ध न करू शकल्याने २७ ऑगस्ट २०१९ रोजी त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. मैदानावर बढती मिळवलेले खेळाडू हंगाम सुरू झाल्यावर क्लबाविना राहिले. अशा घटनांमुळे २०२५ मध्ये संसदेने फुटबॉल गव्हर्नन्स कायदा संमत केला आणि क्लबांच्या आर्थिक स्थितीवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियामक अस्तित्वात आला.

एक कारकीर्द : गॅरी जोन्स

१९७७ मध्ये बर्कनहेड येथे जन्मलेला गॅरी जोन्स हा या पातळीवरचा नमुनेदार मध्यरक्षक म्हणता येईल. स्वान्सीतून १९९८ मध्ये तो रॉचडेलला आला, मध्ये बार्न्सलीला गेला आणि पुन्हा रॉचडेलला परतला. या क्लबातर्फे सर्वाधिक लीग सामने खेळण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. रॉचडेल १९७४ पासून सलग ३६ वर्षे तळाच्या विभागात अडकला होता. २०१० मध्ये जोन्सच्या नेतृत्वाखाली तो वर गेला. २०१२ मध्ये रॉचडेल पुन्हा खाली घसरल्यावर जोन्स लीग टूमधील ब्रॅडफर्ड सिटीचा कर्णधार झाला. त्या हंगामात ब्रॅडफर्डने लीग कपमध्ये विगन, आर्सेनल आणि ॲस्टन व्हिला या प्रीमियर लीगमधील तीन संघांना बाहेर काढून अंतिम फेरी गाठली. चौथ्या पायरीवरून ही मजल मारणारा ब्रॅडफर्ड दुसराच क्लब. पहिला १९६२ चा रॉचडेल. २४ फेब्रुवारी २०१३ रोजी वेम्बलीवर स्वान्सीने ब्रॅडफर्डचा ५-० असा पराभव केला. मे महिन्यात त्याच मैदानावर प्लेऑफच्या अंतिम सामन्यात ब्रॅडफर्डने नॉर्दम्प्टनला ३-० असे हरवून बढती मिळवली. संघाने त्या हंगामात एकूण ६४ सामने खेळले आणि तेव्हा जोन्स ३५ वर्षांचा होता.

वर जाण्याची वाट

खालून वर चढणारा मध्यरक्षक क्वचितच एका उडीत वर जातो. आयर्लंडमधील बॅन्डन येथे १९९१ मध्ये जन्मलेल्या कॉनर हूरिहेनला संडरलंड आणि इप्सविच येथे पक्के स्थान मिळाले नाही. २०११ मध्ये तो लीग टूमधील प्लिमथ अर्गाइलकडे आला, तेथून २०१४ मध्ये बार्न्सलीकडे. २०१६ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली बार्न्सलीने ईएफएल ट्रॉफीची पूर्वज असलेली फुटबॉल लीग ट्रॉफी आणि लीग वनचा प्लेऑफ हे दोन्ही अंतिम सामने वेम्बलीवर जिंकले. जानेवारी २०१७ मध्ये ॲस्टन व्हिलाने त्याला घेतले आणि २०१९ मध्ये व्हिलासह तो प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. पुढे उतारही तितकाच क्रमाने आला : लोनवरचे क्लब, मग लीग वनमधील डर्बी काउंटी. तेथे कर्णधार म्हणून २०२४ मध्ये त्याने आणखी एक बढती मिळवली. डाव्या पायाची फ्री किक हे त्याचे वैशिष्ट्य वेग कमी झाल्यावरही उपयोगी पडत राहिले.

वय, दुखापत आणि भूमिकाबदल

तिशीनंतर मध्यरक्षकाची सर्वप्रथम परीक्षा होते ती वारंवार वेगाने धावण्याच्या क्षमतेची. गुडघा, घोटा आणि मांडीमागच्या स्नायूंच्या दुखापती बऱ्या व्हायला अधिक काळ लागतो आणि करार लहान असेल तर एका दीर्घ दुखापतीत तो संपूनही जातो. टिकण्याचा मुख्य उपाय म्हणजे भूमिका बदलणे. टोनी फोर्ड याने १९७५ मध्ये १६व्या वर्षी ग्रिम्सबी टाउनकडून कडेला खेळत सुरुवात केली. पुढे स्टोक, वेस्ट ब्रॉमविच, स्कन्थॉर्प, मॅन्सफील्ड असे क्लब आणि जागा बदलत तो अखेरच्या टप्प्यात उजव्या बाजूचा बचावपटू झाला आणि २००१ मध्ये ४२व्या वर्षी रॉचडेलमध्ये थांबला. ९३१ लीग सामने हा गोलरक्षक वगळता इंग्लिश लीगमधील विक्रम आहे. त्याआधीचा टेरी पेन याचा विक्रम ८२४ सामन्यांचा होता. ग्रॅहम अलेक्झांडरने उलट दिशेने बदल केला. स्कन्थॉर्पपासून सुरुवात करून अनेक वर्षे बचावपटू म्हणून खेळलेला हा खेळाडू बर्नलीत मध्यफळीत आला आणि २००९ मध्ये ३७व्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये पहिला सामना खेळला.

भारताशी जोडणारे दुवे

या विभागांशी भारताचा थेट संबंध १९९९ मध्ये आला. त्या वर्षी सिक्कीमचा आघाडीपटू बायच्युंग भुतिया तिसऱ्या पायरीवरील बरी क्लबात दाखल झाला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाल्यावर प्रवाह उलट दिशेनेही वाहू लागला. मुंबई सिटीचा पहिला प्रशिक्षक पीटर रीड हा इंग्लंडचा माजी मध्यरक्षक होता. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि विजेतेपद दोन्ही जिंकले, त्या संघातील आघाडीपटू ॲडम ल फाँड्र हा एकेकाळी रॉचडेलकडून खेळलेला. मध्यफळीतील सर्वांत ठळक उदाहरण कार्ल मॅकह्यू याचे. २०१३ च्या ब्रॅडफर्ड संघातील हा आयरिश खेळाडू तेव्हा बचावात खेळे. व्हिलाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने हेडरने गोल केला होता. प्लिमथ आणि स्कॉटलंडमधील मदरवेल येथे खेळून २०१९ मध्ये तो कोलकात्याच्या एटीके संघात आला, २०२० मध्ये फातोर्ड्याला झालेला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना त्या संघाने जिंकला आणि २०२३ मध्ये तो एफसी गोवात मध्यरक्षक म्हणून गेला. खालच्या विभागांत मिळवलेली शारीरिक तयारी आणि अनेक जागी खेळण्याची सवय परदेशातील लीगमध्ये कामी येते.

निवृत्तीनंतरचा व्यवसाय

या पातळीवरचा पगार आयुष्यभर पुरणारा नसतो, म्हणून बहुतेकांना पस्तिशीच्या आसपास दुसरा व्यवसाय उभारावा लागतो. काही जण आधी नॅशनल लीग किंवा त्याखालच्या अर्धवेळ क्लबांत खेळत दिवसा नोकरी करतात. खेळाडूंची संघटना शिक्षणासाठी अनुदान आणि मार्गदर्शन देते. प्रशिक्षक होण्यासाठी यूएफाच्या बी, ए आणि प्रो अशा चढत्या परवान्यांची गरज असते आणि ती तयारी अनेक जण खेळत असतानाच सुरू करतात. मध्यरक्षकाला पूर्ण मैदानाचे चित्र ठेवून खेळावे लागत असल्याने या मार्गावर त्यांची संख्या लक्षणीय दिसते. हूरिहेन २०२५ मध्ये बार्न्सलीचा मुख्य प्रशिक्षक झाला. अलेक्झांडरने फ्लीटवुड आणि सॅल्फर्ड यांना वरच्या विभागात नेले आणि २०२५ मध्ये ब्रॅडफर्ड सिटीला लीग वनमध्ये पोहोचवले. पण प्रशिक्षकपदेही मोजकी आणि अल्पजीवी असतात. सोडून देण्याची यादी येथे मे महिन्यापर्यंत थांबत नाही.

मोजमाप आणि त्याच्या मर्यादा

अशा कारकिर्दीचे रूढ मोजमाप सामने, गोल आणि बढत्या यांत होते. बचावफळीपुढे उभे राहून पासची वाट बंद करणाऱ्या मध्यरक्षकाचे काम या रकान्यांत उमटत नाही. गेल्या दशकात धावण्याचे मापन करणारी जीपीएस उपकरणे आणि प्रत्येक सामन्याची तपशीलवार आकडेवारी खालच्या विभागांपर्यंत पोहोचली. तिचा पद्धतशीर उपयोग केलेल्या ब्रेंटफर्डने २०१७ मध्ये लीग टूमधील एक्झिटर सिटीचा ऑली वॉटकिन्स घेतला. कडेला खेळणारा हा तरुण पुढे मध्यवर्ती आघाडीपटू झाला आणि २०२० मध्ये ॲस्टन व्हिलाकडे गेला. २०१४ पर्यंत लीग वनमध्ये असलेला ब्रेंटफर्ड स्वतः २०२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये आला. आकडेवारीमुळे दुर्लक्षित खेळाडू लवकर नजरेत येतो, पण ३० वर्षांच्या मध्यरक्षकाचा मंदावलेला वेगही तितक्याच लवकर उघड होतो. पूर्वी जी घसरण अनुभवाच्या आडोशाने एक-दोन हंगाम झाकली जाई, ती आता करार वाढवण्याच्या चर्चेतच आकड्यांसह समोर ठेवली जाते. त्यामुळे फोर्डप्रमाणे वेळीच जागा बदलण्याची तयारी ही पुढच्या पिढीतील मध्यरक्षकासाठी कारकिर्दीच्या अखेरची सोय न राहता सुरुवातीपासूनची गरज ठरत आहे.